लाजून द्यावं

आजचा पाठ : तैत्तिरीय उपनिषद, शिक्षावल्ली, अनुवाक ११



गेले दहा दिवस आपण शिक्षावल्ली वाचतोय, रोज एक अनुवाक. आज अकरावा. शिष्याचं शिकून झालंय, तो घरी निघालाय आणि गुरू त्याला निघता निघता चार गोष्टी सांगतायत. आपल्या कॉलेजच्या पदवीदानाला कुणी मोठा पाहुणा भाषण करतो आणि आपण मागच्या रांगेत फोन बघत बसतो, तसलं हे भाषण नाही. खरं बोल, धर्माने वाग, शिकलेलं सोडू नकोस. आई, वडील, गुरू आणि दारी आलेला पाहुणा यांना देवाच्या जागी मान. इथपर्यंत आपल्या सगळ्यांना पाठ असतं. पाहुण्याचं वाक्य तर हॉटेलांच्या पाट्यांपर्यंत पोचलंय.

पण गुरू तिथे थांबत नाहीत. थोडं पुढे ते 'द्यायचं कसं' हे सांगतात. किती द्यायचं, कुणाला द्यायचं, याच्याबद्दल एक अक्षर नाही. फक्त कसं. पाच शब्द येतात : श्रद्धा, श्री, ह्री, भी आणि संविद्. श्रद्धेने द्यावं. ऐपत असेल त्या मानाने, सढळ हाताने द्यावं. लाजून द्यावं. भिऊन द्यावं. आणि समजून द्यावं.

मी बारावीत असताना आजीबरोबर हे पहिल्यांदा वाचलं होतं. श्रद्धा कळली. ऐपत कळली. पण लाजून? भिऊन? मी तेव्हा आजीला विचारलं होतं, "आपण देतोय ना, मग आपण कशाला लाजायचं? घेणारा लाजेल." आजी हसली आणि म्हणाली, "कळेल पुढे."

पुढे म्हणजे चौदा-पंधरा वर्षांनी कळलं. तेही ओहायोत, एका इमारतीच्या तळघरात. आज तेच सांगते.

२०१६ ते २०१९ मी कंपनीच्या कामासाठी कोलंबसला होते. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं, थंडीचं शहर. तिथे पहिल्याच महिन्यात एका किराणा दुकानात मला देवनागरी पाटी दिसली. मी आनंदाने आत गेले. वाटलं, कुणीतरी मराठी नाहीतर हिंदी असणार. दुकानदार नेपाळी बोलत होता. मी विचारलं, "नेपाळचे का?" तो म्हणाला, "नाही. भूतानचे."

मला भूतान म्हटलं की डोंगर, मठ आणि 'आनंदी देश' एवढंच माहीत होतं. पुढची गोष्ट मला त्या दुकानात, आणि मग हळूहळू त्या लोकांच्या घरांत कळली. दक्षिण भूतानमध्ये पिढ्यानपिढ्या शेती करणारे नेपाळीभाषक लोक, ल्होत्शाम्पा. त्यातले बहुतेक हिंदू. १९८५ साली तिथे नवा नागरिकत्व कायदा आला. १९८८ च्या जनगणनेत दक्षिणेतल्या लोकांकडे १९५८ सालचा पुरावा मागायला लागले. जमिनीच्या कराची पावती, पण त्याच सालची. ज्यांच्याकडे ती नव्हती ते एका रात्रीत परके झाले. काहींच्याकडे असूनही उपयोग झाला नाही. १९९० नंतर एक लाखाच्या आसपास माणसं देशाबाहेर पडली किंवा काढली गेली आणि पूर्व नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांत, बांबूच्या झोपड्यांच्या सात छावण्यांत राहिली. एक-दोन वर्षं नाही, सतरा-अठरा वर्षं. लेकरं तिथेच जन्मली, तिथेच शिकली, तिथेच त्यांची लग्नं झाली. भूतान परत घेईना आणि नेपाळ नागरिकत्व देईना. शेवटी २००७-०८ पासून आठ देशांनी त्यांना घ्यायला सुरुवात केली. लाखाहून जास्त लोक गेले, त्यातले बहुसंख्य अमेरिकेत. कोलंबसमध्ये त्यांची मोठी वस्ती झाली.

आता एक गोष्ट सांगते, मला फार आवडलेली. तेव्हा निर्वासित कुटुंब विमानतळावर उतरलं की त्यांना आणायला संस्थेचा माणूस जायचा. आधीच एक भाड्याचं घर बघून ठेवलेलं असायचं. त्यात गाद्या, टेबल-खुर्च्या, माणशी ताटवाटी, टॉवेल, साबण, हे सगळं हवं अशी यादी असायची. आणि त्या नियमांमध्ये असंही लिहिलेलं होतं की, पहिल्या रात्री त्यांच्या ओळखीच्या चवीचं, तयार जेवण घरात असलं पाहिजे. सरकारी करारात! मी ते ऐकलं आणि शिक्षावल्लीच आठवली.

पण त्या पहिल्या जेवणानंतर ९० दिवसांत सगळं उरकावं लागायचं. सोशल सिक्युरिटी नंबर, धान्यासाठीच्या मदतीचा अर्ज, वैद्यकीय तपासणी, मुलांची शाळा, इंग्रजीचा वर्ग, नोकरी. विमानाचं तिकीटसुद्धा फुकट नसायचं. ते बिनव्याजी कर्ज असायचं आणि काही महिन्यांनी त्याचे हप्ते सुरू व्हायचे. नव्वद दिवसांनी संस्थेचा हात बराचसा सुटायचा. मग पुढे कोण? पुढे आपलेच लोक. तिथल्या भूतानी-नेपाळी मंडळींनी स्वतःच एक केंद्र चालवलं होतं, एका इमारतीच्या तळघरात. मी रविवारी तिथे जायला लागले.

पहिल्या रविवारी मी दोन मोठ्या पिशव्या घेऊन गेले. जुने कपडे. मला फार छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू. केंद्र सांभाळणाऱ्या बाई होत्या, सगळे त्यांना दिदी म्हणायचे. दिदींनी पिशव्या टेबलावर उपड्या केल्या आणि एकेक कपडा उलगडून दोन ढीग केले. जॅकेटची चेन ओढून बघितली, ती अर्ध्यावर अडकली. दुसऱ्या ढिगात. स्वेटरच्या बाहीला भोक. दुसऱ्या ढिगात. पाच मिनिटांत मोठा ढीग दुसराच झाला. मग त्यांनी तो परत माझ्या पिशवीत नीट घड्या घालून भरला आणि म्हणाल्या, "बहिनी, हे तू घेऊन जा. आमच्याकडे कचरा उचलायचे पैसे पडतात."

त्या चिडल्या नव्हत्या. हिशोब सांगत होत्या. पण माझे कान गरम झाले. गाडीत बसल्यावर मला लक्षात आलं की, मी दान नव्हतं केलं, कपाट साफ केलं होतं. आणि माझा कचरा टाकायचा खर्च त्यांच्यावर ढकलून वर 'धन्यवाद'ची वाट बघत होते.

त्या रात्री मला 'ह्री' हा शब्द पुन्हा वाचावासा वाटला. ह्री म्हणजे लाज, संकोच, विनय. मला तेव्हा जे कळलं ते असं : देण्याघेण्यात लाज ही असतेच. ती कुणाच्या तरी वाट्याला जाते. आपण सहसा ती घेणाऱ्याच्या पानात वाढतो. रांगेत उभं राहा, कागद दाखव, तुझी अडचण चार लोकांसमोर सांग, मग हात पसर. उपनिषद ती लाज उचलून देणाऱ्याच्या पानात ठेवतं. तू लाज. कारण तुझ्याकडे जास्त आहे आणि त्याच्याकडे नाही, यात तुझं कर्तृत्व किती? माझ्या आजोबांकडे कुणी १९५८ ची पावती मागितली नाही, एवढंच माझं पुण्य.

त्यानंतर दिदींनी मला कपड्यांवरून काढलं आणि नागरिकत्वाच्या वर्गावर बसवलं. तिथे मला बाजे भेटले.

बाजे म्हणजे नेपाळीत आजोबा. सत्तरीचे, बारीक, डोक्यावर ढाका टोपी, बाहेर बर्फ असलं तरी. ते २०११ साली आले होते. इंग्रजी येत नव्हतं, पण देवनागरी सुरेख वाचायचे, कारण भानुभक्तांचं नेपाळी रामायण त्यांनी आयुष्यभर वाचलेलं. एकदा माझ्या बॅगेतली हरिपाठाची छोटी पुस्तिका त्यांनी हातात घेतली आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचली. अर्थ अर्धामुर्धाच लागत होता, पण 'हरि' आला की मान डोलवायचे. मी ठरवलं, परीक्षेची इंग्रजी उत्तरं यांना देवनागरीत लिहून द्यायची. तोंडी परीक्षेची तयारी झाली असती. वाचायला आणि लिहायला थोडंसं इंग्रजी लागणार होतंच, ते रोज एक शब्द.

ही परीक्षा एवढी महत्त्वाची का, ते सांगते. हे २०१८ चे नियम आहेत. निर्वासित म्हणून आलेल्या म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना तिथे सरकारकडून महिन्याला थोडी रक्कम मिळायची, एकट्या माणसाला जास्तीत जास्त ७५० डॉलर. पण फक्त सात वर्षं. तोपर्यंत नागरिक झालात तर पुढे चालू, नाहीतर बंद. आणि नागरिकत्वासाठी अर्ज करता यायचा तो पाच वर्षांनी. म्हणजे पाच आणि सात यांच्यामधली जी दोन वर्षं, त्यात अर्ज, बोटांचे ठसे, मुलाखत, परीक्षा, शपथ, सगळं व्हायला हवं. म्हाताऱ्यांना इंग्रजीतून सूट असते, पण त्यासाठी ग्रीन कार्ड मिळून पंधरा-वीस वर्षं झालेली लागतात. बाजेंकडे तेवढी वर्षं कुठून असणार? छावणीतली वर्षं कुणी मोजत नाही.

तेव्हा शंभर प्रश्नांची यादी होती. त्यातले दहापर्यंत विचारायचे, सहा बरोबर लागायचे. बाजे शेतातून आल्यासारखे थकून यायचे आणि तरी पाठ म्हणायचे. पहिला राष्ट्राध्यक्ष कोण, ध्वजावर पट्टे किती, कायदे कोण करतं. मध्येच म्हणायचे, "नानी, या वयात मुलं रामनाम घ्यायला सांगतात, तू मला सिनेट शिकवतेस." नानी म्हणजे पोरी.

त्यांचा अर्ज गेला. आम्ही सगळे खूश. काही आठवड्यांनी एका रविवारी बाजे एक पाकीट घेऊन आले. वर्ग संपत आला होता, मला एक कॉल होता. मी पत्राचा फोनवर फोटो काढला, म्हटलं, "बाजे, मी घरी जाऊन नीट बघते आणि सांगते." ते म्हणाले, "हुन्छ, नानी." आणि पाकीट परत आपल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं.

त्या आठवड्यात आमचं रिलीज होतं. तुमच्यातले निम्मे लोक आयटीत आहात, तुम्हाला सांगायला नको. रोज रात्री दोन. पुढच्या रविवारी मी गेलेच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेले तेव्हा दिदींनी विचारलं, "बाजेंच्या ठशांचं झालं का?" मी फोन काढला. फोटो उघडला. बोटांचे ठसे द्यायला बोलावलं होतं. तारीख तीन दिवसांपूर्वीची होती.

न कळवता त्या तारखेला गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरता येतं. दिदींनी त्याच आठवड्यात पत्र लिहिलं, फोन केले, कितीतरी वेळ लाइनवर थांबल्या. अर्ज वाचला. पण नवी तारीख उशिरा आली, मग मुलाखत आणखी उशिरा, आणि मध्येच बाजेंची सात वर्षं पूर्ण झाली. पैसे थांबले. चार महिने.

मी खिशातून भरून द्यायला तयार होते. बाजेंच्या मुलाने घेतले नाहीत. त्याची बायको गोदामात रात्रपाळी करायला लागली. रविवारच्या वर्गाला ती नातवाला घेऊन यायची, ते बंद झालं, कारण ती त्या वेळी झोपलेली असायची. हे सगळं माझ्या एका 'मी बघते'मुळे.

मी बाजेंच्या घरी माफी मागायला गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण मीच रडायला लागले. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. मग आपली प्लास्टिकची पिशवी आणली आणि त्यातून एक जुना कागद काढला, घड्यांवर फाटलेला, पारदर्शक कव्हरमध्ये ठेवलेला. भूतानमधल्या जमिनीच्या कराची पावती. ती घेऊन ते गाव सोडून निघाले होते, तीच घेऊन छावणीत राहिले, तीच घेऊन विमानात बसले. म्हणाले, "मला वाचता येत होतं, तरी या कागदाने मला वाचवलं नाही. तुझं पत्र तर मला वाचताही आलं नाही. आलं असतं तर तुला त्रास दिला नसता."

तुला त्रास दिला नसता! मी त्यांचं नुकसान केलं होतं आणि लाज तेच उचलत होते.

मंडळी, 'भी' मला त्या दिवशी कळली. भिऊन द्यावं म्हणजे देव शिक्षा करील या भीतीने द्यावं, असं मी समजत होते. असेलही एक अर्थ तसा. पण मला जो भोगून कळला तो वेगळा आहे. आपण कुणाला हात दिला की त्या माणसाचं काहीतरी आपल्या हातात येतं. त्याची तारीख, त्याचा कागद, त्याचा महिना. ते सांडेल याची भीती पाहिजे. प्रॉडक्शनवर बदल टाकताना आपला हात थरथरतो की नाही? चार जण तपासतात, परत फिरायची सोय ठेवतात, शुक्रवारी संध्याकाळी कुणी हात लावत नाही. मग ज्यावर एका घराचं रेशन अवलंबून आहे ते पत्र मी 'घरी जाऊन बघते' म्हणून फोनमध्ये कसं टाकलं? कारण ती नोकरी होती आणि ही 'सेवा'. सेवा फुकट आहे, म्हणजे तिला डेडलाइन नाही, असं मी मनात धरलं होतं. पगाराच्या कामाला भीती आणि देवाच्या कामाला ढिलाई. उपनिषद नेमकं इथे बोट ठेवतं.

आता उत्तररंगाकडे येऊ. आळंदीला जाऊ.

विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने परत संसारात आले, म्हणून त्या घराला वाळीत टाकलं. आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला. मागे चार लेकरं : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. त्यांच्या मुंजीचा प्रश्न आला तेव्हा त्यांना काय सांगितलं? पैठणहून शुद्धिपत्र आणा. कागद आणा! चार पोरकी मुलं कागदासाठी पायी पैठणला गेली. पैठणचं आख्यान आपण ऐकतो ते रेड्याच्या तोंडून वेद ऐकण्यासाठी. मी पण लहानपणी टाळ्या वाजवल्यात. पण बाजेंची पिशवी बघितल्यापासून मला त्या गोष्टीत रेड्याआधी ती वाट दिसते. आणि त्या वाटेवरची चार मुलं, जी दुसऱ्यांना कसं पटवायचं की आम्हीही तुमच्यातलेच आहोत, याचा विचार करत चाललीत.

मांड्यांची गोष्ट तशीच. मुक्ताईला मांडे करायचे होते, त्यासाठी खापर हवं होतं. विसोबा चाट्यांनी कुंभारांना बजावून ठेवलं, या पोरांना भांडं द्यायचं नाही. मुक्ताई रिकाम्या हाताने घरी आली. मग ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. आपण त्या तापलेल्या पाठीला हात जोडतो, जोडायलाच हवेत. पण एक विचारते. त्या दिवशी एका कुंभाराने मागच्या दाराने एक खापर दिलं असतं तर ज्ञानोबांना पाठ तापवावी लागली असती का? गावाने साधी गोष्ट नाकारली, म्हणून त्या घरात चमत्कार करावा लागला.

निर्वासितांच्या घरात असे चमत्कार रोज होतात. सून रात्रपाळी करते, दहा वर्षांचा मुलगा आजीसाठी डॉक्टरकडे दुभाष्या होतो, म्हातारा सिनेट पाठ करतो. आपण कौतुक करतो, "काय जिद्द आहे!" जिद्द आहेच. पण ती कुणीतरी खापर दिलं नाही म्हणून तापलेली पाठ आहे.

आणि विसोबांचं पुढे काय झालं? ते बघून त्यांना लाज वाटली. खरी लाज. ते शरण आले. परंपरा सांगते की, हेच विसोबा पुढे खेचर म्हणून ओळखले गेले आणि नामदेवांचे गुरू झाले. म्हणजे 'ह्री' माणसाला कुठून कुठे नेते बघा. लाज वाटली म्हणून ते तिथेच संपले नाहीत. माझ्यासारख्यांना याचा फार आधार वाटतो.

पाचवा शब्द राहिला, संविद्. समजून, जाणून. आचार्यांच्या भाष्यात इथे मैत्रीचा भाव सांगितलाय. मला दोन्ही अर्थ एकच वाटतात. मैत्री असल्याशिवाय दुसऱ्याला नेमकं काय हवंय हे कळतच नाही. मी जुनी जॅकेटं नेली, कारण मी विचारलं नव्हतं. दिदींना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, पत्र वाचणारं माणूस हवंय आणि दवाखान्यात नेणारी गाडी हवीय. बहुतेक वेळा मूलभूत गरज भागवण्याची सोय सरकारदरबारी असतेच. दार असतं, पण दाराची पाटी त्या माणसाला वाचता येत नाही. पाटी वाचून दाखवणं हे संविदेने देणं.

एका मैत्रिणीने मला विचारलं होतं, "आपल्याच देशात इतकी गरज असताना तू परदेशात कुणासाठी धावत होतीस?" प्रश्न बरोबर आहे. मी जिथे राहत होते तिथलं केलं, एवढंच उत्तर. आणि आपली जमीन यात नवखी नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं आली, तिथलं उल्हासनगर झालं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधले पाचेक हजार निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहून गेले. देण्याचा वारसा आपल्याला आहे.

आता मी पुण्यात आहे. आमच्या सोसायटीशेजारी टॉवरचं काम चालू आहे आणि पत्र्याच्या खोल्यांत बिहार, छत्तीसगडची कुटुंबं राहतात. हे निर्वासित नाहीत, याच देशाचे नागरिक आहेत. पण शहरात त्यांचं तेच होतं. गावी रेशन कार्ड आहे, इथे गहू बाजारातून घेतात. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत गावच्या कार्डावर इथल्या रेशन दुकानातही धान्य मिळतं, अर्धं घर गावी आणि अर्धं इथे असलं तरी वाटून घेता येतं. कित्येकांना माहीत नसतं. शाळेचा दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात आहे. बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ आहे, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देऊन तिथे नोंदणी होते. हे सांगायला पैसे लागत नाहीत. एक शनिवार लागतो.

मागच्या महिन्यात मी तिथल्या एका ताईंबरोबर रेशन दुकानात गेले. मशीनवर त्यांचा अंगठा लागेना. विटा आणि सिमेंटने रेषाच घासलेल्या. दुकानदार कंटाळला, मागची रांग कुरकुरायला लागली. ताई खाली बघत "जाऊ दे ना ताई, चला" म्हणाल्या. मला बाजेंचे हात आठवले. मी म्हटलं, दुसरं बोट लावून बघू. तिसऱ्या बोटाला मशीन वाजलं. मी घड्याळात बघितलं नाही, फोनही काढला नाही. ते माझं प्रायश्चित्त समजा.

बाजेंचं सांगायचं राहिलं. ते पास झाले. सहा बरोबर आली की तेव्हा पुढचं विचारायचे नाहीत, त्यांना ते माहीत नव्हतं. अधिकारी थांबला तेव्हा त्यांना वाटलं आपण नापास झालो, म्हणून त्यांनी सातवं उत्तर आपणहून सांगून टाकलं. शपथेच्या दिवशी मी गेले होते. तेव्हा त्यांनी नवं प्रमाणपत्र त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं, जुन्या पावतीच्या वर. थांबलेली रक्कम पुढे परत सुरू झाली. ते चार महिने मात्र परत आले नाहीत. ते मी विसरू नये, म्हणून आज लिहिलं.

आजचा संकल्प : 'मी बघते', 'मी बघतो' असं आपण कुणाला तरी सांगून ठेवलेलं असतं. कामवाल्या मावशींच्या मुलीचा फॉर्म, वॉचमन काकांचं पेन्शनचं काम, गावाकडच्या काकूंचं रुग्णालयाचं बिल. त्यातलं एक आज काढा. तारीख बघा. पूर्ण करा. आणि करताना त्या माणसाला खाली बघावं लागणार नाही, एवढं सांभाळा.

याच अनुवाकाच्या शेवटी गुरू म्हणतात की, कसं वागावं कळेनासं झालं तर विचारी माणसं तिथे कशी वागतात ते बघ. त्या माणसांचं एक लक्षण ते सांगतात, 'अलूक्ष'. म्हणजे जी रुक्ष नाहीत, जी कोरडी झालेली नाहीत. मला अडलं की मी दिदी काय करतील ते आठवते. तुमच्याही आसपास असं कुणी असेल. त्यांच्याकडे बघा.

पांडुरंगा, आमच्या हातून काही दिलं जाणार असेल तर ते नीट दिलं जाऊ दे. देताना मान आमची वाकू दे, घेणाऱ्याची नको. आणि ज्यांच्या दारात आज कुणी खापर घेऊन पोचलं नाही, त्यांच्या दाराचा पत्ता आम्हाला दे.

उद्या शिक्षावल्लीचा शेवटचा अनुवाक, शांतिपाठ.

राम कृष्ण हरी.